‘काय बोलना रे तो?’ : डायलॉग परत परत हरवत असतील तर आधी सेंटर स्पीकरची जागा बघा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरच्या घरी आमचा सगळा गोतावळा जमतो. आत्या, बहिणी, भाचेमंडळी, शेजारचे दोघेतिघे. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला की हॉलमध्ये सतरंज्या पडतात, कूलर सुरू होतो आणि कुणीतरी सिनेमा लावतं. दहा मिनिटं जात नाहीत तोच नाना शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतात, "काय बोलना रे तो?" मग आवाज वाढवायचा. पुढच्याच सीनला मारामारी सुरू झाली की स्वयंपाकघरातून ओरडा येतो, कमी करा म्हणून. कमी केला की पुन्हा नानांचा तोच प्रश्न. अख्खा सिनेमाभर रिमोट हातातून सुटत नाही.

हा प्रकार आमच्याकडे सलग तीन वर्षं चालला. सगळ्यांची समजूत झाली की नानांचे कान गेले. नानांनाही तसंच वाटायला लागलं, आणि ते हळूहळू सिनेमाला बसेनासे झाले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. कारण नानांचे कान चांगले होते. फोनवर ते सगळं नीट ऐकायचे, मळ्यातल्या मोटारीचा आवाज जरा बदलला तरी त्यांना ओट्यावर बसून कळायचा.

दरम्यान मी जमेल ते सगळं केलं. होम थिएटरच्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरच्या आवाजाची पातळी सहा डेसिबलने वर नेली. जाड वायर आणली. एका दुकानदाराने सांगितलं की तुमचा सेंटर स्पीकर छोटा पडतो, म्हणून मोठा घेतला. फरक शून्य. मग घराला रंग द्यायचा म्हणून शोकेस रिकामं केलं. रंगारी जेवायला गेले तेव्हा मी सहज स्पीकर एका लाकडी स्टुलावर ठेवून वायर जोडली आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचा एकेक शब्द सुटा, स्वच्छ. तोच स्पीकर, तीच वायर, तीच पातळी. बदलली होती फक्त जागा.

त्यानंतर जळगाव, चोपडा, सावदा, पारोळा इथल्या ओळखीच्यांच्या घरी मी हाच त्रास निस्तरला आहे. बहुतेक ठिकाणी नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कळू द्या, दोष कुठे आहे

५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर असलेल्या होम थिएटरमध्ये, सिनेमातलं बहुतेक बोलणं एकट्या सेंटर स्पीकरमधून येतं. गाणी, गाड्या, पाऊस, गर्दी हे सगळं बाकीच्यांमध्ये वाटलेलं असतं, बोलण्याचा भार मात्र या एकाच पेटीवर. थिएटरमध्ये हा स्पीकर पडद्याच्या मागे मधोमध असतो आणि पडद्याला बारीक भोकं असतात, म्हणून आवाज थेट माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. मधल्या स्पीकरची गरज लोकांना फार आधीच कळली होती. २७ एप्रिल १९३३ ला अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात चाललेलं वाद्यवृंदाचं वादन तारेवरून वॉशिंग्टनला ऐकवलं, तेही डावा, मधला आणि उजवा अशा तीन स्वतंत्र वाटांनी. दोनच स्पीकर ठेवले तर मधोमध बसलेल्यालाच आवाज मधून आल्याचा भास होतो. जो बाजूला सरकतो त्याच्यासाठी सगळं जवळच्या स्पीकरकडे ओढलं जातं. आखाजीच्या दिवशी वीस माणसांतलं बरोबर मधे बसलेलं एखादंच असतं, त्यामुळे आपल्याला सेंटर हवाच.

आता चाचणी. बोलणं अस्पष्ट असलेला एक सीन निवडा, मिनिटभराचा पुरे. तो नेहमीसारखा ऐका. मग रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्या डब्याला जोडलेले असतात त्याच्या, स्पीकर सेटिंगमध्ये जाऊन सेंटर ‘नन’ करा, म्हणजे सेंटर नाहीच असं त्याला सांगा. तो सेंटरचा आवाज आपणहून डाव्या-उजव्यात वाटून देतो. बरोबर मधे बसून तोच सीन पुन्हा ऐका. बोलणं आता जास्त स्पष्ट वाटलं तर दोष सेंटरच्या जागेचा किंवा जोडणीचा, यात शंका ठेवू नका. दोन्ही वेळा सारखंच गढूळ असेल तर खोली, कूलर किंवा मूळ ध्वनिमुद्रण बघायला हवं. आणि गढूळपणाच काय, आवाजाचा रंगही दोन्ही वेळा अगदी जसाच्या तसा राहिला, तर बहुधा सेंटर मुळात वाजतच नाही. स्पीकरला कान लावून बघा.

हे शेवटचं वाटतं तितकं दुर्मिळ नाही. चोपड्याला एकाकडे महागडा सेंटर आठ महिने गप्प होता आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘पीसीएम’वर होता, त्यामुळे टीव्हीकडून रिसिव्हरला दोनच चॅनल जात होते आणि रिसिव्हर स्टिरिओ मोडमध्ये होता. टीव्हीत ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ निवडा, एचडीएमआय वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतच लावा. डिशवरचे बरेचसे चॅनल आणि यूट्यूबवरची अहिराणी गाणी, नाटुकली स्टिरिओच असतात. त्यांच्यासाठी रिसिव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा जुन्या सेटवर ‘प्रो लॉजिक’ लावा. दोन्ही बाजूंना सारखंच असलेलं बोलणं तो मधे ओढून सेंटरला देतो.

दुसरी चाचणी माझी आवडती, स्टुलाची. स्पीकर शोकेसमधून पूर्ण बाहेर काढा, लांब वायर लावा, टीव्हीसमोर स्टुलावर ठेवा. ट्वीटर, म्हणजे पेटीतला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला आला पाहिजे. टीव्हीचा काही भाग झाकला जाईल, जाऊ द्या, पाच मिनिटांचाच प्रश्न आहे. इथे जसं ऐकू येईल ती तुमच्या स्पीकरची खरी ताकद. पुढे जी जागा निवडाल ती या आवाजाच्या जितकी जवळ जाईल तितकी चांगली. नवा स्पीकर घ्यायचा विचार असेल तर ही चाचणी केल्याशिवाय पैसे काढू नका.

शोकेसचा कप्पा

आपल्याकडे हॉल म्हटला की शोकेस आलंच. सुताराला आपण टीव्हीची जागा सांगतो, देवाच्या फोटोची सांगतो, स्टीलच्या, काचेच्या भांड्यांची सांगतो, आणि टीव्हीखाली जो कप्पा उरतो तो ‘स्पीकरचा’ होतो. आमच्या घरचा कप्पा ६५ सेंटिमीटर रुंद, २८ उंच आणि ४५ खोल होता. स्पीकरची खोली २५. तो मागे भिंतीला टेकवलेला, म्हणजे त्याच्या तोंडापुढे २० सेंटिमीटर प्लायवूडची फळी. त्या फळीवर एका बाजूला भाच्याची ट्रॉफी, दुसऱ्या बाजूला पितळी हत्ती.

यात तीन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली म्हणजे कप्पा स्वतःच गुंजतो. एका बाजूने उघडी, ४५ सेंटिमीटर खोल पोकळी पावणेदोनशे ते दोनशे हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि पुरुषी आवाजाचा जाडपणा नेमका त्याच भागात असतो. म्हणून माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. दुसरी, समोरच्या फळीची कड. स्पीकरमधून निघालेला आवाज त्या कडेवर फुटतो आणि थेट येणाऱ्या आवाजापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त चालून कानाशी पोचतो. एवढासा फरक तीन-चार हजार हर्ट्झच्या भागात गडबड करायला पुरतो. आपण ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘क’ यांतला फरक ओळखतो तो बराचसा दोन हजारांच्या वरच्या भागातून. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. नाना म्हणायचे ना, की आवाज येतो पण समजत नाही, ते अगदी खरं होतं. तिसरी गोष्ट, ट्रॉफी आणि हत्ती. स्पीकरच्या तोंडासमोर काहीही नको, क्रोशाचं झाकणसुद्धा नको.

उपाय साधा आहे. स्पीकर पुढे ओढा, इतका की त्याचं तोंड फळीच्या कडेच्या बरोबर रेषेत येईल किंवा बोटभर बाहेर येईल. मी आमचा २१ सेंटिमीटर पुढे ओढला, एक सेंटिमीटर बाहेर. एवढ्यानेच अर्धा आजार गेला. मागे जी पोकळी उरते तिथे जुन्या गोधडीची घडी ठेवली, त्यामुळे घुमणं आणखी कमी झालं. मात्र तुमच्या स्पीकरला पाठीमागे हवेचं भोक असेल तर ते दाबू नका, मागे दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळं ठेवा आणि गोधडी बाजूंना सरकवा. खाली रबर हवं, नाहीतर फळी स्पीकरबरोबर थरथरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून घातले तरी भागतं, वेगळे पाय विकत घ्यायची गरज नाही.

सेंटर स्पीकर रिसिव्हरच्या डोक्यावर ठेवणारेही पुष्कळ भेटतात. आपल्या उन्हाळ्यात तरी ते करू नका. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना रिसिव्हरची वरची जाळी झाकली की तो तापून मधेच बंद पडतो, आणि लोक समजतात सेट बिघडला. वर निदान वीतभर जागा मोकळी ठेवा.

साउंडबार असेल तरी हेच सगळं लागू आहे. त्यालाही कप्प्यात कोंडू नका.

उंची आणि तोंड

डावा, मधला, उजवा या तिघांचे ट्वीटर एका उंचीला आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, हा पुस्तकी नियम. मधला समोर शून्य अंशावर, बाजूचे दोन्ही तीस-तीस अंशांवर. पण मधे टीव्ही आहे, त्यामुळे सेंटर खाली तरी जाणार नाहीतर वर तरी. माझं मत स्पष्ट आहे, जमेल तिथे खाली ठेवा आणि तोंड वर करा. टीव्हीच्या वर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज छतातून आल्यासारखा वाटतो, कारण टीव्ही आपण आधीच फार उंच टांगतो. पलंगावरून, सोफ्यावरून, दारातून, सगळीकडून दिसावा म्हणून. सेंटर खाली ठेवायचा तर टीव्हीही वीतभर खाली घेता आला तर घ्या.

आता एक हिशेब करू, म्हणजे अंदाजे काम होणार नाही. स्पीकरचा ट्वीटर जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, सोफ्यावर बसलेल्याचा कान ९५ वर, मधलं अंतर ३ मीटर. म्हणजे ३०० सेंटिमीटरमध्ये ४० चढायचे आहेत. २५ सेंटिमीटर खोल स्पीकरला तेच प्रमाण लावलं तर पुढची बाजू साधारण सव्वातीन सेंटिमीटर उचलावी लागेल. पण आपल्याकडे खरी बैठक खाली असते. सतरंजीवर बसलेल्याचा कान ७५ च्या आसपास, त्याला पावणेदोन सेंटिमीटर पुरेत. मी दोन्हींच्या मधली, अडीच सेंटिमीटरची पाचर सुताराकडून उरलेल्या प्लायची करून घेतली. कमीजास्त करायला दाराखाली घालतात तो रबरी ठोकळाही चालतो. तोंड नीट वळलं का ते बघायला मोबाइलची बॅटरी लावून तो स्पीकरच्या तोंडाला सपाट टेकवून, उजेड बाहेर येईल असा धरा, खोलीत अंधार करा आणि प्रकाशाचा मधला ठिपका कुठे पडतो ते बघा. तो बसलेल्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, पोटावर नाही.

टीव्हीच्या वरच ठेवावा लागत असेल तर उलट करा. ट्वीटर १७० वर असेल तर ३ मीटरवर ७५ सेंटिमीटर उतरायचे आहेत, म्हणजे मागची बाजू तब्बल सहा सेंटिमीटर उचलावी लागते. तेवढं तोंड वाकवलं की स्पीकर घसरू शकतो. मागून पट्टा लावल्याशिवाय ठेवू नका, खाली मुलं बसतात.

खाली बसण्याचा एक वेगळा त्रास आहे. समोर मुलं बसली की स्पीकर त्यांच्या पाठीमागे लपतो. जाड, खालचा आवाज माणसाला वळसा घालून येतो, व्यंजनांचा बारीक आवाज अडतो. म्हणून आम्ही आता टीव्हीसमोरची पहिली सतरंजी मधे मोकळी वाट ठेवून टाकतो.

बाजूला बसणाऱ्यांचं दुखणं

आडव्या सेंटर स्पीकरमध्ये बहुधा मधे एक ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, असतो. दिसायला छान, टीव्हीखाली बसतो छान. मधे बसलेल्याला काही त्रास नाही. बाजूला बसलं की एक वूफर जवळ पडतो, दुसरा लांब. आमच्या स्पीकरच्या दोन वूफरच्या मध्यबिंदूंत ३६ सेंटिमीटरचं अंतर आहे. तीस अंश बाजूला बसलेल्या माणसासाठी त्या दोघांच्या वाटांत १८ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि साडेनऊशे हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात. बोलण्याच्या बरोबर मधोमध खड्डा! तीस अंश म्हणजे फार लांब नाही, ३ मीटरवर मधल्या रेषेपासून पावणेदोन मीटर. भिंतीला टेकून बसणारे सगळे त्यात येतात. नाना भिंतीला टेकूनच बसतात.

हे स्वतः पडताळायचं असेल तर रिसिव्हरचा चाचणीचा ‘शऽऽ’ आवाज फक्त सेंटरमधून लावा आणि टीव्हीकडे तोंड करून, खेकड्यासारखं आडवं चालत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जा. आवाज रंग बदलताना ऐकू येतो, मधेच पोकळ होतो.

जागा असेल तर असा स्पीकर उभा करा. मग हा खड्डा वर-खाली जातो आणि आडव्या ओळीत बसलेल्या सगळ्यांना सारखं ऐकू येतं. प्रोजेक्टर आणि भोकांचा पडदा असणाऱ्यांनी तर सेंटर उभाच, पडद्याच्या मागेच ठेवावा. टीव्हीवाल्यांना ते जमत नाही. त्यांनी बैठक मागे न्यावी, अंतर वाढलं की तीच माणसं कमी अंशात येतात. नवीन घ्यायचाच असेल तर असा घ्या ज्यात ट्वीटर आणि मधला छोटा स्पीकर एकमेकांच्या डोक्यावर आहेत आणि वूफर बाजूंना, किंवा सरळ डाव्या-उजव्यासारखाच तिसरा घ्या. आम्ही काही नवीन घेतलं नाही. मोठ्या माणसांची गादी मधे आणली, तरण्या पोरांना भिंतीकडे पाठवलं. नानांना टेकायला मागे लोड दिला.

फरशी

नव्या घरांत व्हिट्रिफाइड टाइल्स, जुन्यांत शहाबादी, भिंती उघड्या, खिडक्यांना काच. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती आणि लाकडी माळवद होतं, तिथे टाळी वाजवली तर आवाज तिथल्या तिथे विरायचा. नव्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, झणझणाट उठतो. प्रत्येक शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं.

फरशीचा धक्का मोजता येतो. वरच्याच मापांत थेट आवाज ३०३ सेंटिमीटर चालतो आणि फरशीवरून उडालेला ३३५, जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा. पहिला खड्डा सव्वापाचशे हर्ट्झला, पुढचा पावणेसोळाशेच्या जवळ. उडी नेमकी कुठे पडते ते शोधायला आरसा वापरा. एकाने आपल्या जागी बसायचं, दुसऱ्याने फरशीवर आरसा सपाट सरकवायचा. जिथे बसलेल्याला आरशात स्पीकर दिसेल ती जागा. आमच्याकडे ती स्पीकरपासून ११० सेंटिमीटरवर निघाली. तिथे जाड काहीतरी टाका. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया घरोघरी आहेत, पण या कामाला त्यांचा काही उपयोग नाही, आवाज त्यावरूनही तसाच उडतो. दुपदरी-चौपदरी गोधडी किंवा जाड गालिचा वरचा खड्डा बराच भरून काढतो. पाचशेजवळच्या खड्ड्यावर मात्र तिची मात्रा फारशी चालत नाही, तिथे स्पीकरची उंची बदलूनच बघावं लागतं. मागच्या भिंतीला जाड पडदा लावला तर झणझणाट आणखी उतरतो.

मग रिसिव्हर

जागा पक्की झाल्यावरच रिसिव्हरसोबत येणाऱ्या माइकने स्पीकरची आपोआप होणारी मोजणी करा, आधी नाही. पहाटे करा, पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून. माइक कानाच्या उंचीला, तिपाईवर. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर पाठीवरून उडालेला आवाज तो मोजतो. मोजणी झाली की तीन आकडे तपासा. अंतर टेपने मोजलेल्याशी जुळतं का, कारण ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद लागतो. एका भाच्याने विचारलं होतं की उन्हाळ्यात हे बदलतं का. बदलतं, २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४५ अंशांना साधारण ३५८. पण तिन्ही स्पीकरना ते सारखंच लागू पडतं, म्हणून काही करायचं नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झ, मुठीएवढ्या स्पीकरच्या सेटला १२० ते १५०. आणि पातळी मोजणीने दिली त्याच्यावर एक-दोन डेसिबल. तीनपेक्षा जास्त चढवावं लागत असेल तर अजून जागेतच काहीतरी चुकतं आहे, परत स्टूल काढा.

रात्री घर झोपलेलं असताना ‘नाइट मोड’ जरूर वापरा, त्यात मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. दिवसा नको, सगळं सपाट होतं.

कूलर

इथे स्पीकर काही करू शकत नाही. लोखंडी डेझर्ट कूलरचा घोंगाट सगळ्या सुरांत पसरलेला असतो आणि व्यंजनं तोच आधी गिळतो. आमचा कूलर टीव्हीच्या शेजारच्या खिडकीत होता, म्हणजे बोलणं आणि घोंगाट एकाच दिशेने यायचे. वेगळ्या दिशेचा गोंगाट कान बाजूला काढू शकतो, त्याच दिशेचा नाही. म्हणून कूलर बाजूच्या खिडकीत नेला. पात्याच्या बुशिंगला तेल दिलं, हलणारी जाळी बांधली, पायांखाली रबर घातलं, गवताचे पॅड बदलले. पॅड मळलेले असले की हवा कमी येते आणि आपण वेग वाढवतो, घोंगाट तिथून वाढतो. सिनेमाच्या अर्धा तास आधी पूर्ण वेगाने खोली गार करायची आणि सिनेमा सुरू झाला की सगळ्यात कमी वेग, ही सवय आता घरात लागली आहे. कूलरची ओली हवा थेट स्पीकरवर येऊ देऊ नका, कागदी कोन आणि प्लाय दोन्हींना ती चांगली नाही.

दिवाळीनंतर परत का होतं

सगळं जुळवून दिल्यावर पाच-सहा महिन्यांनी फोन येतो, "भाऊ, परत तसंच झालं." मी पहिला प्रश्न विचारतो, शोकेस कधी पुसलं? सावद्याच्या मित्राकडे दिवाळीच्या सफाईत स्पीकर बाहेर निघाला, धूळ पुसली गेली, आणि परत ठेवताना आत भिंतीपर्यंत ढकलला गेला. पाचर कचऱ्यात. शिवाय वायर जोडताना लाल-काळी उलटी लागली होती. उलटी लागली की सेंटरचा कोन बाकीचे पुढे येताना मागे जातो, आणि डाव्या-उजव्यासोबत वाजताना मधला आवाज पसरट होतो, बोट ठेवता येत नाही. पक्कं करायचं असेल तर स्पीकरची वायर रिसिव्हरकडून काढून तिची टोकं दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा, धन बाजू लाल तारेला. वूफर बाहेर उसळला पाहिजे. तिन्ही स्पीकर एकाच दिशेने उसळले की जोडणी बरोबर.

घरच्या बायांना दोष देऊ नका, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी फळीवर स्पीकरच्या चारही कोपऱ्यांना विजेच्या कामाची लाल चिकटपट्टी लावतो, पाचर फळीला दोन बारीक खिळ्यांनी ठोकतो आणि लाल वायरच्या दोन्ही टोकांना तीच पट्टी गुंडाळतो. सावद्याला वहिनींना बसवून दोन्ही तऱ्हांनी ऐकवलं, आधी स्पीकर आत ढकलून, मग पट्टीवर आणून. पुढच्या दिवाळीला त्यांनी स्वतःच परत जागेवर ठेवला आणि पितळी दिवा त्याच्यासमोरून उचलून वरच्या कप्प्यात नेला.